आमची वाटचाल : एक पट्टी, एक ज्योत, एक स्टॉपवॉच

जळगावात आमचं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं : पोत्यातली भुकटी धोकादायक मालाच्या वाहतुकीत वर्ग ४.१ची, म्हणजे ज्वालाग्राही घन, ठरते का?

आधी प्राथमिक चाचणी. २५० मिमी लांब, २० रुंद, १० उंच अशी पट्टी घालायची आणि एका टोकाला गॅस बर्नरची निदान १००० अंशांची ज्योत धरायची, पेटेपर्यंत, फार तर २ मिनिटं. धातूच्या भुकटीला ५. पुढच्या २ मिनिटांत (धातूला २०) आग २०० मिमी सरकली नाही, तर पदार्थ ४.१मधून सुटला. बरेचसे नमुने इथेच सुटतात.

उरलेल्यांसाठी त्रिकोणी साचा. तो सैल भरून २० मिमीवरून तीनदा आपटायचा. हातानं दाबलं की मधली हवा जाते आणि वेग बदलतो. नवा माणूस हमखास इथेच चुकतो. साच्यातली भुकटी ज्या पट्टिकेवर घालतो, ती उष्णता न ओढणारी हवी. पत्र्यावर घेतलं तर पत्राच आग विझवतो आणि पदार्थ उगाच पास होतो.

पहिले ८० मिमी जळू द्यायचे, वेळ पुढच्या १०० मिमीची घ्यायची. धातू नसलेली भुकटी ४५ सेकंदांच्या आत जळाली की ४.१. त्या १०० मिमीच्या पुढे ३०-४० मिमीवर १ मिली पाणी थेंबथेंब सोडून ओला पट्टा केलेला असतो. ज्योत तो ओलांडून गेली तर पॅकिंग गट (म्हणजे धोक्याची पातळी, आकडा लहान तसा धोका जास्त) २, निदान ४ मिनिटं तिथे अडली तर गट ३. गंधकावरून पाणी घरंगळतं, म्हणून ओलावा धरणारं द्रव्य घालावं लागतं, पण १ टक्क्याच्या आत आणि स्वतः न जळणारं. शिवाय गंधकाची निळी ज्योत उजेडात दिसतच नाही. खोलीत अंधार केला नाही तर स्टॉपवॉच अंदाजानं दाबलं जातं.

पट्टी धूरपेटीच्या (धूर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) वाऱ्याला आडवी ठेवतो आणि वारा मध्ये बदलत नाही. मे महिन्यात कूलर बंद करून हे करणं म्हणजे शिक्षाच, पण कूलरचा झोत आकडा बिघडवतो.

सकारात्मक निकाल आधीच आला नाही, तर चाचणी सहा वेळा, दरवेळी स्वच्छ, गार पट्टिकेवर.

नमुना मात्र चाळून, वाळवून पाठवू नका. माल जसा ट्रकमध्ये चढणार, तसाच हवाबंद डब्यात द्या. साच्यात एका वेळी जेमतेम २५ मिली मावते. बहुतेक भुकट्यांना अर्धा किलो पुरतो.