ल्युबार्स: बर्लिनच्या पोटातलं शेतकरी गाव

एस-1 या लोकल ट्रेनने वाइडमान्सलुस्टला उतरायचं आणि स्टेशनबाहेरून 222 नंबरची बस धरायची. ती ल्युबार्सच्या जुन्या गावात आणून सोडते. तिकीट नेहमीचं ए-बी झोनचंच चालतं, कारण हे गाव कागदोपत्री बर्लिन शहर आहे. पायाखाली मात्र ओबडधोबड दगडी फरसबंदी असते आणि नाकाला घोड्यांच्या लिदीचा वास येतो.

बहुतेक लोक चर्चचा फोटो काढतात, कॉफी पितात आणि परततात. मला विचाराल तर आधी गावाची आखणी पाहा. मधोमध लांबट सामाईक हिरवळ, तिला जर्मनमध्ये ‘आंगर’ म्हणतात. रस्ता तिच्या दोन्ही अंगांनी फुटतो आणि पलीकडे पुन्हा एक होतो. चर्च या हिरवळीवरच आहे. आजची इमारत 1793 ची. शेतकऱ्यांची घरं दोन्ही बाजूंना रांगेत, रस्त्याकडे तोंड करून. आपल्याकडच्या पांढरी आणि काळीची आठवण इथे हटकून होते: पुढे वस्ती, पाठीमागे थेट शेत.

एखादं फाटक उघडं असलं तर बाहेरूनच नजर टाका (आत जाऊ नका, ही राहती घरं आहेत). समोर घर, बाजूला गोठा आणि अंगण बंद करणारं आडवं कोठार. कोठार मागच्या बाजूला असल्यामुळे शेतमाल सरळ त्यात भरता येई आणि वाळलेलं गवत चुलीपासून लांब राही. काही घरांच्या दर्शनी भिंतींवर प्लास्टरची नक्षी आहे. ती एकोणिसाव्या शतकातल्या सुबत्तेची खूण. शेजारचं बर्लिन वाढत होतं आणि त्याला धान्य, दूध, बटाटे लागत होते.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 1247 चा. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेपर्यंत ते श्पांडाऊ शहरातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मठाकडे होतं. जमीन रेताड, त्यामुळे मुख्य पीक राय हे धान्य. शिवाराचे तीन भाग करून एकात हिवाळी पीक, दुसऱ्यात उन्हाळी आणि तिसरा पड, असा फेरा चाले. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही भागांत विखुरलेल्या, म्हणून पेरणी-कापणी सगळ्यांनी एकाच वेळी करणं भाग असे. एकोणिसाव्या शतकात प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात तुकडेजोड झाली आणि हे बंधन सुटलं.

1 ऑक्टोबर 1920 रोजी ‘ग्रोस-बर्लिन’ (बृहद् बर्लिन) कायदा लागू झाला. 7 शहरं, 59 ग्रामपंचायती आणि 27 जहागिरी एका फटक्यात बर्लिनमध्ये आल्या, त्यांत ल्युबार्सही होतं. त्यातल्या बहुतेक गावांची शेतं इमारतींखाली गेली. ल्युबार्सची का वाचली, हे समजायचं तर गावातून पूर्वेकडे शेजारच्या ब्लांकेनफेल्डे गावाच्या रस्त्याने चालत जा. 1961 मध्ये गावाच्या उत्तर आणि पूर्व शिवेवर पूर्व जर्मनीने पश्चिम बर्लिनभोवती घातलेली बर्लिनची भिंत आली. पुढे जाणारे रस्ते तुटले, गाव पश्चिम बर्लिनचा शेवटचा कोपरा झालं. जिथून पुढे कुठेच जाता येत नाही, तिथे वर्दळ कशी येणार? शिवाय भिंतीने कोंडलेल्या शहरवासीयांना मोकळं रान म्हणून हीच जागा उरली होती. गोठ्यांत हळूहळू गाईंच्या जागी शहरातल्या लोकांचे घोडे आले. ते सांभाळण्याच्या भाड्यावर आज इथली बरीच शेतं टिकून आहेत. दक्षिणेला पाहिलं तर मेर्किशेस फिअर्टेल या वसाहतीचे उंच ठोकळे दिसतात. 1963 पासून दहाएक वर्षांत तिथे सुमारे 17,000 घरं उभी राहिली. इतक्या जवळ!

परतताना उत्तरेला टेगेलर फ्लीस या ओढ्याकडे उतरा. पाणथळ भागात लाकडी फळ्यांची वाट आहे. पाऊस झाल्यावर ती भलतीच निसरडी होते, तेव्हा चपला नकोत. ओढ्याकाठच्या कुरणांत उन्हाळ्यात चक्क म्हशी चरायला सोडतात. यंत्र रुतेल अशा चिखलात त्या आरामात शिरतात आणि वेत, उंच गवत खाऊन कुरण मोकळं ठेवतात. सायकल नेणार असाल तर जाड टायरची न्या, फरसबंदीवर बारीक टायरचे हाल होतात.

ब्लांकेनफेल्डेच्या रस्त्यावर भिंतीच्या जागी आता भिंतीचा सायकलमार्ग आडवा जातो. 1990 मध्ये इथल्याच एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर घालून भिंतीला खिंडार पाडलं आणि दोन गावांमधली वाट मोकळी केली. त्या वाटेने आज सरळ पलीकडे चालत जाता येतं.