करंगळीशेजारचं बोट

मंगळवार, रात्री साडेदहा

आज पण पेटीवरचा पलटा, तोच सरगमचा सराव, तिथेच अडकला. सारेगम रेगमप पर्यंत ठीक, पण लय जरा वाढवली की करंगळीशेजारचं बोट पट्टीवर चिकटून बसतं, आणि जोर लावून उचलायला गेलं तर करंगळी आणि मधलं बोट पण त्याच्यासोबत वर, जणू तिघांनी ठरवलंय की एकट्याला कुठे पाठवायचं नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली, काकू तुमचा दोष नाहीये हा, हाताच्या मागच्या बाजूला ही बोटं उचलणारे स्नायूंचे दोर एकमेकांना बांधलेले असतात, सगळ्यांचंच असं होतं. फार बरं वाटलं ऐकून. नाहीतर आमचं काहीही अडलं की पहिला आळ वयावर.

दोन वर्षं झाली पेटी शिकतेय. खरं सांगायचं तर गाण्याच्या आवडीने नाही, घाबरून सुरू केली. नावं आठवेनाशी झाली होती. मुलाने कुठेतरी वाचलं की 2007 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 60 ते 85 वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला आणि नंतर आकडे नी अक्षरं आलटून पालटून जोडायच्या चाचणीत ते आधीपेक्षा बरे निघाले. माणसं जेमतेम 31, पण मला तेवढं पुरलं. आणि पटण्यासारखं पण आहे ना, डाव्या हाताने भाता, उजव्याने सूर, तोंडाने सरगम, कान ठेक्याकडे, एवढं एकदम आयुष्यात कधी केलं नव्हतं, नुसती गाणी ऐकत बसले तर यातलं काहीच करावं लागत नाही.

मग डोकं सुधारलं का? माहीत नाही बुवा. परवाच मुलाला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा तो नुसता हं हं करत राहिला तेव्हा लक्षात आलं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेला दुसरा एक अभ्यास मला जास्त प्रामाणिक वाटतो. ज्येष्ठांच्या 12 केंद्रांवर 390 जण, सहा महिने एकत्र गाणं. एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला, पण स्मरणशक्ती आणि शरीराच्या चाचण्यांत म्हणावा तसा फरक नाही, असं त्यांनी सरळ लिहिलंय. इंग्लंडमध्ये केंटला पण 60 च्या पुढच्यांना 14 आठवडे गायला लावलं तर चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली. दर मंगळवारी गाणाऱ्या आमच्या सात जणांच्या ग्रुपवरून मला हे आधीच माहीत होतं असं म्हटलं तर चालेल.

मध्ये एकदा सोडणारच होते. कानाचं मशीन लावून पेटीवर पंचम धरला की सूर थरथरायचा, लाटेसारखा, मला वाटलं पेटी बिघडली. निघालं असं की मशीन बोलणं ऐकायला बनवलेलं, लांब धरलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला बघतं. मशीनवाल्यांनी गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून दिलं, पाच मिनिटांचं काम! किती जण असे गप्प घरी बसले असतील, कुणी सांगतच नाही. तसंच आवाजाचं, आधी काळी पाच या उंच पट्टीत गायचे, आता खालच्या काळी तीनमध्ये, बायकांचा आवाज वयाने खाली येतोच, पट्टी बदलली की झालं, पण लोक आवाज गेला म्हणून गाणंच सोडतात.

गेल्या मंगळवारी ताप होता म्हणून गेले नाही तर तीन फोन. काळजीचा एकच, बाकी दोघांचं म्हणणं पेटीशिवाय आम्ही बेसूर झालो. असं कुणाचं माझ्यावाचून अडून किती वर्षं झाली होती.

आणि ग्रुपमधले नाना. बायको गेल्यावर मुलीने जबरदस्तीने आणून बसवलं, दोन महिने नुसते कोपऱ्यात, मान खाली. मग कधीतरी बोट मांडीवर ठेका धरायला लागलं, मग हातात टाळ दिले. आज मी समेवर दोन मात्रा उशिरा आले तर सगळ्यांसमोर ओरडले माझ्यावर, अहो मोजता का नुसतं वाजवता! मी पण तोंड उघडलं होतं उत्तर द्यायला, पण बरोबर होते ते. परत पहिल्यापासून घेतलं.