सात नंबर, जेन्ट्समधला

वकिलांच्या खोलीत आणि लग्नाच्या पंगतीत मला हमखास विचारले जाते, "मॅडम, तुम्ही पुरुषांचे बूट का घालता?" विचारणाऱ्यांत कुतूहल वाटणाऱ्या ज्युनिअर मुली असतात, तशाच साडीखाली ते बरे दिसत नाहीत असे सुचवणाऱ्या थोरल्या जाऊबाईही असतात. "सवय झाली" असे सांगून मी आजवर विषय बदलत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

माझे पाऊल लांबीने सात नंबरचे आहे आणि बायकांच्या बुटांत सात नंबर कुठेही मिळतो. अडचण चवड्याची आहे. तो रुंद आहे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेले आहे आणि पावलाचा वरचा भागही उंच आहे. इंग्लंडमध्ये एकाच नंबराचे बूट वेगवेगळ्या रुंदीत मिळू शकतात आणि त्या रुंदीला अक्षरे असतात. आपण त्यांचे नंबर उचलले; अक्षरे तिकडेच राहिली. त्यामुळे मेन रोडवरच्या दुकानात शिरले की "एक नंबर मोठा घ्या" हा सल्ला ठरलेला असतो. नंबर एकाने वाढला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो, रुंदीत मात्र जेमतेम दोनेक मिलिमीटरची भर पडते. म्हणजे चवडा आवळलेलाच राहतो, बोटांपुढे जागा रिकामी पडते आणि बूट जिथे वाकायला हवा ती जागा सांध्याच्या पुढे सरकते. "वापरून सैल होतील" हे आश्वासन चामड्याच्या बाबतीत थोडेफार खरे असते, पण मला दाखवले जाणारे बायकांचे फॉर्मल बूट बहुतेक रेक्झिनचे असतात आणि रेक्झिन कुणाच्या हाडासाठी सैल होत नाही.

तरीही मी तेच घालत होते. वकिलाने टापटीप दिसले पाहिजे आणि बाई वकिलाने जरा जास्तच, असे माझे त्या वेळचे ठाम मत होते. कुरूप आणि घट्टे हा व्यवसायाचाच भाग मानून मी कापूस आणि चिकटपट्टी पर्समध्ये बाळगत असे.

मग ती उलटतपासणी आली. खटला जमिनीचा होता आणि साक्षीदार मुरलेला होता. सकाळपासून उभी असल्यामुळे पाय सुजले होते. उजव्या अंगठ्याजवळ ठणका इतका वाढला की पुढचा प्रश्न मनात जुळेना, तेव्हा मी टेबलाआड हळूच दोन्ही बूट काढले. डोके लगेच ताळ्यावर आले आणि पुढचे प्रश्न नेमके लागले. साक्षीदार खरेदीखतावरच्या सहीबद्दल अडखळू लागला. मला त्याला ती सही दाखवायची होती आणि शिपाई नेमका बाहेर गेला होता. मी बूट चढवायला गेले, पण सुजलेला पाय आत जाईना. थांबले असते तर साक्षीदाराला सावरायला वेळ मिळाला असता. म्हणून मी खरेदीखत हातात घेतले आणि तशीच अनवाणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत गेले. मोज्याला अंगठ्यापाशी रक्ताचा डाग होता, तो सगळ्यांनी पाहिला. समोरचे वकील म्हणाले, "मॅडम, देवळात आलात का?" आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिले. मला त्याचेच जास्त लागले. सही आपली नाही, हे साक्षीदाराने त्यानंतर कबूल केले, पण बाररूममध्ये पुढे कित्येक दिवस चर्चा सहीची नव्हती.

त्याच संध्याकाळी मी जेन्ट्स विभागात जाऊन सात नंबरचे काळे, नाडीचे डर्बी बूट घेतले. नाडीच्याच ऑक्सफर्ड प्रकारच्या बुटांत नाडीच्या दोन्ही पट्ट्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे उंच पावलाला ते आवळतात. डर्बीच्या पट्ट्या मोकळ्या असतात आणि हव्या तेवढ्या फाकतात. दुकानातल्या मुलाने "साहेबांसाठी का?" असे विचारले, मी हो म्हटले.

म्हणून प्रश्न सुटला असे समजू नका. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते आणि पुरुषांच्या फर्म्यावर, म्हणजे बूट ज्यावर घडवतात त्या पावलाच्या साच्यावर, बेतलेल्या बुटात ती चालताना वर निसटते. मी बुटाच्या जिभेला आतून जाड पॅड लावले, तेव्हा पाय मागे सरकून टाच जरा बसली. जिने उतरताना ती अजूनही निसटते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली आणि भारतीय पावले युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचे सांगितले. ते वाचून बरे वाटले. मग इतकी वर्षे कुरूप कापत का बसले, म्हणून चिडही आली.

शालीमारजवळचे एक कारागीर मामा आता माझ्यासाठी जोड करायला तयार झाले आहेत. पाय संध्याकाळी फुगतो म्हणून त्यांनी मला मुद्दाम संध्याकाळी बोलावले, पुठ्ठ्यावर दोन्ही पावले आखून घेतली आणि चवड्याचा घेर दोऱ्याने मोजला. त्यांच्याकडे बायकांचा फर्मा नाही. पुरुषांचा सहा नंबरचा फर्मा पुरेल का, की टाच तासलेला सात नंबरचा लागेल, यावर आमचे एकमत झालेले नाही. पुढचा भाग निमुळता ठेवायचा की गोल, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी पटकन "निमुळता" म्हणून गेले. मामा माझ्या हाडाकडे बघून म्हणाले, "ताई, मग आधी आला होता तोच त्रास परत." गोल ठेवा असे अजून माझ्या तोंडून निघालेले नाही.