एकटं कुणीच फिरलं नाही

"लिव्हिंगस्टनसारखे मिशनरी आफ्रिकेत एवढे हजारो मैल फिरले. बाई, ते एकटे कसे फिरत असतील हो?"

शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा मुलं हे विचारायची. आता निवृत्तीनंतर वाचनालयातली, चर्चमधली मंडळी विचारतात. विचारण्यात कौतुक असतं आणि ते खोटं नाही. पण उत्तर असं आहे की ते एकटे फिरलेच नाहीत. त्यांच्याबरोबर जी माणसं चालली त्यांतली काही आपल्या नाशिकची होती, आणि ती नाशिककरांनाच ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

आधी प्रवास कसा व्हायचा ते बघू. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात त्सेत्से माशी असते. ती चावली की बैल, घोडे, खेचरं रोग होऊन मरतात. त्यामुळे बैलगाडी नाही, घोडा नाही. सगळं ओझं माणसाच्या डोक्यावर. एका हमालाकडे साधारण तीस किलो. ओझं कशाचं, तर बरंचसं कापडाचं आणि मण्यांचं, कारण आतल्या मुलखात नाणी चालत नसत. धान्य घ्यायचं तर कापड, नदी उतरायची तर कापड, एखाद्या राजाच्या हद्दीतून जायचं तर त्याला द्यायची जकात तीही कापडात. हा माल झांझिबारला भरायचा, आणि तिथल्या पेढ्या बहुतेक आपल्या कच्छी व्यापाऱ्यांच्या. शिवाय दर काही दिवसांच्या वाटेवर भाषा बदलणार, म्हणजे दुभाषे हवेत. वाट दाखवणारा हवा. रांधणाऱ्या बायका हव्यात. शुभवर्तमान सांगायला निघालेला एक गोरा माणूस म्हणजे पन्नास, शंभर, कधी दोनशे माणसांचा तांडा.

1866 च्या जानेवारीत स्कॉटलंडचे मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईहून झांझिबारला निघाले, त्या शेवटच्या मोहिमेची यादी त्यांच्याच रोजनिशीत आहे. मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, कोमोरो बेटांतल्या जोहानाची दहा माणसं, झांबेझी नदीकाठच्या शुपांगाचे दोघं, याओ जमातीचे दोघं, आणि नाशिकची नऊ मुलं. त्यांच्याबरोबर सहा उंट, तीन म्हशी, एक वासरू, दोन खेचरं, चार गाढवं. त्सेत्सेच्या मुलखात कुठलं जनावर टिकतं ते त्यांना बघायचं होतं. जनावरं टिकली नाहीत. शिपाई परतले. जोहानाची माणसं निम्म्यात पळाली आणि साहेब मेले अशी बातमी त्यांनी किनाऱ्यावर पसरवली.

ही नाशिकची मुलं मूळची आफ्रिकेचीच. अरबी समुद्रात गुलामांचे तांडे नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतली सुटलेली पोरं परत कुठे पोचवायची हा प्रश्न असे, कारण गावं जळलेली, आईबाप मेलेले किंवा विकलेले. पुष्कळ मुलांना मुंबईला आणत. चर्च मिशनरी सोसायटीने त्यांच्यासाठी 1860 मध्ये नाशिकच्या शरणपूरला आश्रम चालू केला. आज शरणपूर रोडवर कॅनडा कॉर्नरची गर्दी आहे, त्या बाजूला. तिथे ही मुलं इंग्रजी आणि बायबल शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, मराठी कानावर पडत वाढली.

लिव्हिंगस्टन 1864 मध्ये नदीत चालवायच्या एका छोट्या आगबोटीतून समुद्र ओलांडून मुंबईला आले होते. बरोबर चुमा आणि विकातानी ही दोन पोरं होती. त्यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून ते इंग्लंडला गेले. सुसी आणि अमोदा हे बरोबर आलेले मोठे दोघं मुंबईच्या गोदीत काम करत राहिले. पुढच्या वर्षी परत येऊन लिव्हिंगस्टननी चुमाला, सुसीला घेतलं आणि शरणपूरची मुलं मागून घेतली. त्यांतली सगळी शेवटपर्यंत राहिली नाहीत. एकाला वाटेत मारलं, एक आजाराने गेला, काही कंटाळून सोडून गेले. काही राहिले. 1872 मध्ये मदतीसाठी जी दुसरी तुकडी गेली तिच्यात शरणपूरचे आणखी काही जण होते: जेकब वेनराइट, कारस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन.

आता जे सांगते ते मात्र सावकाश ऐका.

1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. पहाटे माणसं झोपडीत गेली तेव्हा ते खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत होते. आता बघा, तिथे एकही गोरा माणूस नव्हता. पगार देणारा मेलेला. किनारा हजार मैलांहून लांब. परक्याचं प्रेत गावात आहे म्हटल्यावर दंड व्हायची भीती. खड्डा खणून, पुरून, घरी गेले असते तर त्यांना विचारणारं कोण होतं? पण त्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं की साहेबांना त्यांच्या माणसांत नेऊन पोचवायचं.

चितांबोला खरं सांगितलं. त्याने दंड केला नाही, उलट रीतसर शोक केला. गावाबाहेर कुडाचं आवार उभं केलं. फरजला नावाच्या माणसाने पूर्वी झांझिबारला एका डॉक्टरकडे काम केलं होतं. त्याने कारसला मदतीला घेऊन शरीर उघडलं, आतले अवयव काढले. पोटात मुठीएवढी रक्ताची गाठ होती. काळीज आणि बाकीचे अवयव पत्र्याच्या पेटीत घालून मोठ्या झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला. शरणपूरला वाचायला शिकलेला मुलगा, आफ्रिकेच्या पोटात, लिव्हिंगस्टनचा दफनविधी वाचतोय! मग शरीरात मीठ भरलं, चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वर शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं. जेकबने झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली. त्याखाली आपल्या तिघा सोबत्यांची नावंही कोरली.

मग नऊ महिने चालले. वाटेत ताप आला, माणसं मेली, एका गावात लढाई झाली. आजच्या ताबोराजवळ त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. तो लिव्हिंगस्टनच्याच मदतीला निघालेला इंग्रज अधिकारी. तो म्हणाला, इथेच पुरा. सगळ्यांनी नाही म्हटलं. पुढे कासेकेरा गावाने प्रेत नेऊ द्यायला हरकत घेतली. तेव्हा त्यांनी गवत, काठ्या आणि कापडाचं खोटं प्रेत बांधलं, ते पुरायला म्हणून चार लोकांदेखत मागे पाठवलं, आणि खरं शरीर कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून इतर ओझ्यांत मिसळून पुढे नेलं. 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोला, समुद्राकाठी पोचले. लंडनमध्ये डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डाव्या दंडाचं हाड सापडलं, तीस वर्षांपूर्वी सिंहाने चावून मोडलेलं आणि नीट न जुळलेलं. ओळख पटली.

पुढचं बोलताना मला अजून राग येतो. बागामोयोला माणसांना पगार देऊन वाटेला लावलं. इंग्लंडला शवाबरोबर एकटा जेकब गेला, तोही चर्च मिशनरी सोसायटीने खर्च केला म्हणून. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबी या लंडनच्या मोठ्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते विधी उरकल्यावर. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने या तांड्यासाठी पदकं पाडली, पण ती झांझिबारला येईपर्यंत माणसं पांगली होती. कित्येकांना ती मिळालीच नाहीत. अॅबीतल्या दगडावर लिहिलं आहे की निष्ठावान हातांनी इथे आणलं. हात कुणाचे ते लिहिलेलं नाही. झाडावरच्या जेकबच्या कोरीवकामात साहेबांबरोबर सोबत्यांना जागा होती.

आणि ही केवळ ओझं वाहणारी माणसं नव्हती. मिशनचं काम पुढे चालवलं तेही यांनीच. मोंबासाजवळ राबईला रेबमन नावाचे जर्मन मिशनरी कितीतरी वर्षं जवळजवळ एकाकी होते, दृष्टी अधू होत चाललेली. 1864 मध्ये त्यांच्या हाताखाली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे तरुण आपल्या बायकांसह गेले. 1875 मध्ये मोंबासासमोर फ्रीअरटाउन वसवलं, ते सुटलेल्या गुलामांचं गाव. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, वसवणारे प्राइससाहेब नाशिकच्या आश्रमातले, आणि घरं बांधणारे, शाळा चालवणारे, आजूबाजूच्या वस्त्यांत फिरून उपदेश करणारे हे नाशिकहून परतलेले आफ्रिकी. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

1885 मध्ये जोन्स आणि सेमलर यांना डीकन, म्हणजे दुय्यम दर्जाचे धर्मगुरू, म्हणून दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे पायी निघाले, तेव्हा जोन्स बरोबर होते. बहुतेक माणसं त्यांच्याकडे सोपवून बिशप पन्नासेक जणांसह पुढे गेले. बुगांडाचा राजा म्वांगाच्या हुकमाने बिशपना मारलं आणि त्या पन्नासांतल्या बहुतेकांनाही. चौघं जण कसेबसे परतून जोन्सना सांगायला आले. एवढा मोठा तांडा शेकडो मैल चालवत जोन्सनी राबईला परत आणला. हॅनिंग्टन यांचं नाव हुतात्म्यांच्या यादीत आहे. त्यांच्याबरोबर मेलेल्या हमालांचं नाही.

याच जोन्सनी राबईत मोंबासाच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालक हत्यारं घेऊन येण्याच्या बेतात, वरचे साहेब काळजीत, तरी माणसं येत राहिली आणि राबईत घरं बांधत राहिली. शेवटी 1889 च्या पहिल्या दिवशी ब्रिटिश कंपनीने मालकांना पैसे देऊन मिशनच्या आसऱ्याला आलेल्या चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्तीचे कागद दिले. माझ्या मते पूर्व आफ्रिकेतल्या मिशनच्या कामातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट, कुठल्याही पर्वताच्या किंवा सरोवराच्या शोधाहून मोठी.

पश्चिमेकडेही तेच. गुलामीतून सुटलेला योरुबा जमातीचा मुलगा सॅम्युएल अजायी क्राउथर 1864 मध्ये बिशप झाला, नायजर नदीकाठी आफ्रिकी सहकाऱ्यांचं मिशन त्याने उभं केलं. म्हातारपणी तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याच्या माणसांना अपात्र ठरवून ते मोडलं. आणि विल्यम वाडे हॅरिस! लायबेरियाचा हा ग्रेबो जमातीचा माणूस 1913 मध्ये पांढरा झगा, हातात बांबूचा क्रूस, बायबल आणि भोपळ्याचं पात्र घेऊन अनवाणी निघाला, आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने गावोगाव फिरला. पाठीशी संस्था नाही, पैसा नाही. लाखाच्या वर माणसांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. फ्रेंच सरकारने त्याला हाकलून दिलं. तरी 1924 मध्ये मेथडिस्ट मिशनरी तिथे पोचले तेव्हा लोक जमून उपासना करत होते, वाचता येणारा शिक्षक येण्याची वाट बघत होते.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पण बाई, हे सगळं धर्मांतरच ना? मागून साम्राज्य आलंच की." आलंच. ते मी लपवत नाही, ख्रिस्ती घरातली असून लपवत नाही. लिव्हिंगस्टन व्यापार आणि धर्म एकाच श्वासात बोलायचे, आणि 1892 मध्ये युगांडात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बंदुका घेऊन एकमेकांवर उठले तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्याची मॅक्सिम गन, म्हणजे मशीनगन, त्यात होती. पण जोन्स, जेकब, हॅरिस यांना कुणाच्या हातातली बाहुली समजणं मला मान्य नाही. जेकबला गुलाम म्हणून विकलं होतं. त्याने जो विश्वास धरला तो स्वतः वाचून धरला, आणि चितांबोच्या गावात बघायला कुणी साहेब नसताना पाळला. त्या माणसांनी काय निवडलं हे आपण त्यांच्याकडूनच समजून घ्यायला हवं.

मोंबासाला कुणी जाणार असाल तर फ्रीअरटाउनच्या घंटेपाशी आणि राबईच्या संग्रहालयात नक्की जा. तिथे जोन्स आणि सेमलर यांची चौकशी करा. मॅथ्यू वेलिंग्टनचीही करा. लिव्हिंगस्टनचं शरीर वाहून आणणारा हा शरणपूरचा विद्यार्थी मोंबासाला 1935 पर्यंत जगला. आणि आपण नाशिकचे आहोत हे त्यांना सांगा.