सातखणीच्या गावातून जिराल्दापर्यंत

रेवदंड्याच्या माडांमागे उभा असलेला पोर्तुगीज काळातील पडका सातखणी मनोरा पाहत वाढल्यामुळे असेल, पण स्पेनमधील सेव्हिल शहरातील पायी फेरीत माझे लक्ष भव्य कॅथेड्रलपेक्षा त्याला लागून असलेल्या जिराल्दा मनोऱ्यावरच खिळले. १२व्या शतकाच्या अखेरीस अल्मोहाद राज्यकर्त्यांनी मशिदीचा मिनार म्हणून बांधलेल्या या वास्तूवर पुढे १६व्या शतकात घंटाघर चढवण्यात आले आणि आज तिची उंची सुमारे १०४ मीटर भरते. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून आत पायऱ्यांऐवजी ३५ चढणी ठेवल्या, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले, तेव्हा गुडघेदुखीने बेजार झालेल्या माझ्या मावशीने त्या राज्यकर्त्यांना मनापासून दुवा दिला.

कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी कास्तील, लिओन, आरागोन आणि नवार्रा या चार राज्यांचे प्रतिनिधी खांद्यावर वाहताना दाखवले आहेत. क्यूबा हातून गेल्यावर स्पेनने ती हवानाहून आणली. शेजारच्या व्यापारी सभागृहात १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसने वसाहतींची दप्तरे एकत्र केली. माझ्या मते तेथे अर्धा दिवस तरी द्यायला हवा होता, आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली.

शेवटी संत्र्यांचे अंगण. ही कडवट फळे इंग्रज मुरंब्यासाठी नेतात, हे ऐकून मावशी म्हणाली, "मग लोणचंही होईल की!"