क्लिफ्टनची टॅक्सी

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय कोण, असं म्हापशाला पेडेच्या कोर्टवरच्या पोरांना विचारलं की ती लगेच मोबाईल काढतात. उत्तर येतं, अर्ल लॉइड. खरंच आहे ते. ३१ ऑक्टोबर १९५० ला लॉइड वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून रॉचेस्टरमध्ये खेळला. दुसऱ्या दिवशी चक कूपर बॉस्टनकडून उतरला आणि त्याच आठवड्यात नॅट क्लिफ्टन न्यूयॉर्क निक्सकडून. म्हणजे पहिला नंबर कोणाचा, हे वेळापत्रकाने ठरवलं.

मला तिघांतला तिसरा जवळचा वाटतो. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे. खेळ संपल्यावर क्लिफ्टन शिकागोत टॅक्सी चालवायचा. मी पेडण्याचा, मीही टॅक्सीच चालवतो, बहुतेक मोपा विमानतळाची भाडी. विमान लेट झालं की गाडीत बसून जुन्या बास्केटबॉलवाल्यांबद्दल वाचत बसतो. स्टँडवरचे बाकीचे फुटबॉलवर भांडत असतात. गोव्यात ते चालायचंच.

क्लिफ्टनबद्दल काहीही वाचा, टॅक्सीपाशी आलं की लिहिणाऱ्याचा सूर पडतो. एवढा मोठा खेळाडू, आणि शेवटी बिचाऱ्यावर ही पाळी आली! मला याचा राग येतो. पाळी कसली? स्वतःची गाडी, स्वतःचा वेळ, शहरातला कोपरा न् कोपरा पाठ. त्याच्यावर अन्याय झाला तो टॅक्सीच्या आधी, आणि तो झाला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

जरा हिशेब बघा. जन्म १९२२ चा, आर्कान्साचा, वाढला शिकागोत. तीन वर्षं सैन्यात गेली. मग न्यूयॉर्क रेन्स हा कृष्णवर्णीयांचा संघ आणि त्यानंतर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. ट्रॉटर्स म्हणजे गावोगावी फिरून करामती दाखवणारी मंडळी, पण खेळायची वेळ आली की खेळणारी. १९४९ मध्ये त्यांनी जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, तेव्हा क्लिफ्टन त्यांच्यात होता. निक्सनी ट्रॉटर्सचा मालक एब सेपरस्टीन याच्याकडून त्याचा करार १२,५०० डॉलरला विकत घेतला. एनबीएत पाऊल टाकलं तेव्हा वय २८. हल्ली त्या वयात खेळाडूचा दुसरा-तिसरा मोठा करार झालेला असतो.

आणि तिथे काय करायला लावलं? ट्रॉटर्समध्ये चेंडू त्याच्या त्या प्रचंड पंजात एखाद्या लिंबासारखा दिसायचा, हातचलाखी अशी की प्रेक्षक वेडे व्हायचे. निक्समध्ये तसलं काही चालायचं नाही. रिबाउंड घे, म्हणजे हुकलेला चेंडू पकड, समोरचा दांडगा सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारा उंच गडी, अडव, चेंडू दुसऱ्याला दे. मायकनसारख्या ६ फूट १० इंची माणसाला अंगावर घ्यायचं कामही त्याच्याचकडे. त्याने ते मुकाट्याने केलं. १९५१, ५२ आणि ५३, अशा सलग तीन फायनल निक्स खेळले आणि तिन्ही हरले. ५१ ची तर जीव जाळणारी: रॉचेस्टरविरुद्ध ०-३ वरून ३-३ बरोबरी, आणि सातव्या सामन्यात ७५-७९.

मैदानाबाहेरचं वेगळंच. कूपरला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीमध्ये संघाच्या हॉटेलात खोली मिळेना, तेव्हा तो रात्रीच्या रेल्वेगाडीने निघाला आणि सोबतीला त्याच्याच संघातला गोरा खेळाडू बॉब कूझी गेला. ट्रिप लांबली तर मीही रात्री गाडीतच झोपतो, पण तो धंद्याचा भाग. खिशात पैसे असताना रंग बघून ‘खोली नाही’ म्हणणं, त्याची बरोबरी कशाशीच होत नाही.

१९५७ मध्ये, चौतिशीत, क्लिफ्टन ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्या वयात पहिल्यांदा! पुढचा मोसम डेट्रॉइटला खेळून एनबीए सुटली. मग पुन्हा फिरते संघ, आणि नंतर टॅक्सी. थंड गोड पेयांच्या आवडीमुळे त्याला ‘स्वीटवॉटर’ म्हणत. मागच्या सीटवरच्या किती जणांना ठाऊक असेल की पुढे बसलेला हा धिप्पाड माणूस मायकनला अडवायचा? ३१ ऑगस्ट १९९० ला शिकागोत, त्याच्या टॅक्सीतच, हृदयविकाराने गेला. ६७ वर्षांचा होता.

बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २०१४ मध्ये. लॉइडला निदान हयातीत, २००३ मध्ये मान मिळाला. कूपरला २०१९, तोही मरणोत्तर.

निक्सनी मात्र एक चांगली गोष्ट केली आहे. क्लिफ्टनच्या नावाने ते एक पुरस्कार देतात, आणि तो खेळाडूंना नाही, तर शहरात लोकांसाठी खपणाऱ्या साध्या माणसांना. आजवर त्यात एखादा टॅक्सीवाला आहे का, ती यादी मला बघायची आहे. पुढचं विमान लेट झालं की बघतो.