नेहमीचे नको, आजचे सांग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेचे जे पत्र आले, त्यात ‘आपल्या यशात शाळेचा वाटा’ या विषयावर लिहावे अशी सूचना होती. यशाविषयी लिहिण्याजोगे माझ्याकडे फारसे नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि ठाण्यातल्या जुन्या इमारती तपासतो, एवढे सांगितले की माझी ओळख संपते. वाट्याविषयी मात्र लिहिता येईल, आणि तो मला एकाच व्यक्तीच्या नावे मांडावा लागतो. आपल्या नौपाड्याच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बाई म्हणजे कोण, हे ऐंशीच्या दशकातील विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. स्मरणिकेत नाव छापायचे नाही, असे त्यांनी मला बजावले आहे. ज्या सरांनी मला गणित शिकवले त्यांच्यावाचून माझा व्यवसायच उभा राहिला नसता, तेव्हा त्यांच्याविषयीही लिहायला हवे. पण लेखणी बाईंपाशीच अडते, त्याला माझा इलाज नाही.

आपल्याकडे रोज फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहिला जाई. बाईंची त्याला हरकत नव्हती, परंतु सुविचार पाठ असणाऱ्या मुलाचे त्यांना विशेष कौतुकही नव्हते. माणसाचे चारित्र्य तो दुसऱ्याविषयी काय लिहितो आणि काय लिहिण्याचे टाळतो यावरून कळते, अशी त्यांची समजूत होती, आणि ती आमच्या ध्यानात आली एका अगदी क्षुल्लक प्रसंगाने. ऑफ तासाला मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, ही पद्धत सर्वांना आठवत असेल. आठवीत असताना एका ऑफ तासाला आमच्या मॉनिटरने चार नावे लिहिली. त्यांतले शेवटचे नाव ज्याचे होते तो मुलगा अंगात कणकण असल्याने तासभर बाकावर डोके टेकून पडला होता. वर्गाला ते दिसत होते, तरी कोणी हरकत घेतली नाही, कारण त्याचे नाव फळ्यावर असण्याची आम्हा सर्वांना सवय झाली होती. बाई आल्या, त्यांनी नावे वाचली आणि त्या मुलाकडे न वळता मॉनिटरला विचारले, “हा काय बोलला?” मॉनिटर म्हणाला, “बाई, तो नेहमीच बोलतो.” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “नेहमीचे नको, आजचे सांग.”

मॉनिटरला शिक्षा झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर नावापुढे त्या मुलाला काय करताना पाहिले ते लिहायचे आणि यादीखाली मॉनिटरने आपली सही करायची, असा नियम मात्र झाला. नावे झपाट्याने कमी झाली. वर्गातला गोंगाट त्यामुळे वाढला, हेही खरे आहे, आणि शेजारच्या वर्गावरील शिक्षकांनी त्याबद्दल तक्रारही केली होती. बाईंना ती किंमत मान्य होती. एका मुलावर खोटा ठपका येण्यापेक्षा थोडा गोंगाट परवडला, असे त्या मुख्याध्यापकांना सरळ म्हणाल्या होत्या.

त्याच वर्षी त्यांनी आम्हाला गोपाळ कृष्ण गोखले शिकवले, तेही पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन. १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या पत्रांतून त्यांच्याकडे गेल्या, आणि त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी तेथील वृत्तपत्रात ते आरोप मांडले. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र सांगितली नाहीत. त्या वेळी ते ३१ वर्षांचे होते आणि या माफीबद्दल पुण्यात त्यांना अतिशय कडवट टीका सोसावी लागली. आमच्या वर्गातील एका मुलीने लगेच विचारले, “पण बाई, ते खरेच घडले असेल तर?” बाई म्हणाल्या, “असेलही. सिद्ध करता आले नाही म्हणजे घडले नाही, असे होत नाही. पण आपण जे पाहिले नाही आणि ज्याला साक्षीदार नाही, ते आपल्या सहीने सांगायचे की नाही, एवढाच प्रश्न गोखल्यांपुढे होता.” पुढे १९०५ मध्ये गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हे बाईंनी त्या दिवशी सांगितलेच नाही. सांगितले असते तर माफी मागणे फायद्याचे ठरते, असा अर्थ आम्ही काढला असता.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. त्यानंतर इमारत चारपैकी एका वर्गात बसते: सी१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावी अशी, सी२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावी अशी, सी२बी म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्त करता येईल अशी, आणि सी३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ऐकायला हे तांत्रिक वाटते, पण पागडीच्या इमारतीत या एका अक्षर-आकड्यावर कोणाचे घर राहणार आणि कोणाची जमीन मोकळी होणार हे ठरते. मालकाला सी१ हवे असते, भाडेकरूंना सी२बी, आणि दोघेही कामाच्या पहिल्याच दिवशी इमारत ‘नेहमी’ कशी असते ते मला सांगू लागतात.

अशा कामात खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही, ही खरी अडचण आहे. संडासाच्या नळाखाली वर्षानुवर्षे ओल मुरलेले दोन खांब निवडावेत, तेथेच हातोडी मारावी, तेथलाच कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढावा. प्रत्येक नोंद खरी असते आणि अहवाल मात्र हवा तसा निघतो. बाईंनी द्रोणपर्वातील ‘नरो वा कुंजरो वा’ शिकवताना युधिष्ठिराला सवलत दिली नव्हती. शब्द खरे होते, तरी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला, कारण ऐकणाऱ्याने काय समजावे हे त्याने आधीच ठरवले होते, असे त्या म्हणत. म्हणून माझ्या अहवालात कोणते खांब तपासले याच्या आधी ते का निवडले हे लिहिलेले असते, आणि जे खांब कपाटामागे किंवा बंद खोलीत असल्याने पाहता आले नाहीत त्यांची यादीही असते. त्यामुळे अहवाल लांबतो आणि काही लोक पुन्हा काम देत नाहीत.

पाहिलेले न लिहिणे हाही एक निर्णयच असतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मरण पावली. काही महिन्यांतच मजल्यावर मजला चढवून, उघड्यावर, ये-जा करणाऱ्यांच्या देखत ती उभी राहिली होती. बाईंच्या फळ्यावर अशा पाहणाऱ्यांचीही नावे आली असती.

आता शाळेची नवी इमारत झाली आहे. गेल्या वर्षी गेलो तेव्हा प्रत्येक वर्गात कॅमेरा दिसला आणि ऑफ तासाला नावे लिहिण्याची पद्धत बंद झाल्याचे कळले. व्यवस्थापनाची सुरक्षिततेची काळजी मी समजू शकतो, तरीही मला ते आवडले नाही. दुसऱ्याविषयी आपल्या सहीने सांगण्याची जबाबदारी तेरा वर्षांच्या मुलावर एकदा तरी यावी, असे मला वाटते. कॅमेऱ्याला कोणी ‘आजचे सांग’ म्हणत नाही.

या सवयीने निर्णय सोपे होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चरईतील एका जुन्या इमारतीत आपल्या शाळेत घंटा देणारे मामा राहत होते. तेथील भाडेकरू साधे, सज्जन. मालकाची वागणूक उर्मट. आणि मामांच्या हातची खडी साखर खाऊन मी मोठा झालेला. सर्वांना सी२बी हवे होते, मलाही ते हवे होते. पण तळमजल्याच्या खांबांतील सळ्या गंजून निम्म्या उरल्या होत्या आणि जिन्याच्या तुळईला उभी चीर गेली होती. मी सी१ लिहिले. “तुझ्याच हातचा कागद, आता कोणाकडे जायचे रे?” एवढेच मामा म्हणाले, आणि त्या इमारतीतील काही कुटुंबे राममारुती रस्त्यावर भेटली तर अजून मान वळवतात.

हे सर्व मी बाईंना जाऊन सांगितले. त्यांची शाबासकी मिळेल असे मनात होते, ते लपवत नाही. बाईंनी अहवालाविषयी एक शब्द विचारला नाही. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे क्षेत्रफळ मोजून दाखला मिळाला का, हे त्यांनी विचारले, कारण नव्या इमारतीतील हक्क त्याच कागदावर उभा राहतो. दाखले सर्वांचे झाले होते. फक्त मामांच्या खोलीचा पोटमाळा मापात धरायचा की नाही, यावर मालकाने वाद घातला होता. बाईंनी तेव्हाच मामांच्या मुलाला फोन लावायला सांगितले. आता ऐंशी उलटलेल्या बाई आणि मामा मिळून ट्रंकेतल्या जुन्या भाडेपावत्या वर्षवार लावत आहेत, आणि ज्या पावतीवर पोटमाळ्याचे वेगळे भाडे लिहिलेले आहे तिची प्रत अर्जासोबत महापालिकेत दिली आहे.